शेऱ्याचा रकाना

पावणेआठपासून मी कुस्तोदच्या टायर दुकानाच्या गच्चीवर.
खुर्चीचा एक पाय आखूड,
त्याखाली कालच्या तक्त्यांची घडी.
हातात टिकटिक्या, मांडीवर पाच रकाने.
समोर फार्मागुडीचं सर्कल:
चार तोंडं, एक पोट.

केंकरे सरांनी पहिल्या दिवशीच बजावलं,
माणसं मोजायची नाहीत.
कार म्हणजे एक. दुचाकी अर्धी.
कदंब बस तीन. ट्रकही तीन,
वर खडी असो की कलिंगडं.
आणि सायकल?
थोडा विचार करून म्हणाले, पाव.
तेवढ्यात पोंपों करत पोदेर आला.
पाव लिहिला.
गच्चीवर हसायला दुसरं कोणी नव्हतं.

आत शिरणाऱ्यानं थांबायचं, फिरणाऱ्याला वाट द्यायची.
फिरणाऱ्या दोघांत चार सेकंदांची फट दिसली
की साधारण माणूस घुसतो, असं पुस्तक म्हणतं.
साधारण माणूस ओळखायचा कसा, ते म्हणत नाही.
इनास पायलट दीड सेकंदात घुसतो,
मागच्या बाईची पिशवी तेव्हा अजून रेषेबाहेरच असते.
भाड्याच्या स्कूटरवरचं जोडपं नऊ सेकंदांची फट सोडून देतं,
मोबाईलला विचारत, कुठून, कुठून.
दोघांची सरासरी सव्वापाच.
सव्वापाचात घुसणारा अजून मला दिसलेला नाही.

रांग मीटरात लिहायची असते.
मी आधी डोळ्यांनी लिहिते:
साडेआठला शेपूट काजूच्या दुकानाशी,
पावणेनऊला खुरसाशी,
नऊला वळणाआड.
वळणाआडचं सूत्राला विचारायचं.
सूत्र शंभरातल्या ऐंशीपर्यंत गुणी बाळ,
नव्वदीला कुरकुरतं,
आणि शंभराला टेकलं की उत्तर थेट आभाळात,
म्हणतं, हे थांबणं आता संपायचंच नाही.
खाली शाळेची घंटा होते.
नऊ-वीसला रस्ता रिकामा,
आभाळात कोणी गेलेलं नसतं.

गुरुवारी पिवळ्या स्कूटीवर एक बाई आली.
पुठ्ठ्यावर लाल मार्करनं काढलेला एल.
रेषेशी थांबली. मी घड्याळ दाबलं.
पाच सेकंदांची फट. सोडली.
सातांची. सोडली.
अकरांची, ट्रक आरामात जाईल एवढी,
तीही गेली.
मागे कदंबचा हॉर्न, त्याच्या मागे सगळ्यांचे.
चल गो बाये!
तिचे दोन्ही पाय जमिनीवर, चपलेत बोटं आवळलेली,
हे गच्चीवरून दिसत नाही, पण मला माहीत आहे.
चाळीस सेकंद.
त्रेचाळीस.

मग सर्कलमध्ये फिरणारी मासळीची पिकअप,
जिला थांबायचं काही कारण नव्हतं,
थांबली.
मागून बर्फाचं पाणी गळत होतं.
डाव्या खिडकीतून क्लीनरचा हात बाहेर आला,
कोपरापर्यंत खवले,
पंजा दोनदा हलला.
ती निघाली, डुगडुगत, उलट्या बाजूचा इंडिकेटर लावून.
तिच्यामागून चौदा गाड्या त्याच हातावर निघून गेल्या.
पिकअपमागे सर्कलचं पोट गच्च झालं
आणि एका जीपवाल्यानं त्या हाताची आई काढली.

शेऱ्यात लिहिलं: हात दाखवला.
सर म्हणाले, कोणी? हवालदारानं?
नाही, मासळीवाल्यानं.
त्यांनी पेन्सिलीनं आडवी रेघ मारली,
हिशेबात चुकलेली बेरीज खोडावी तशी, राग न येता.
रोज होतं तेच मोजायचं, म्हणाले.
आणि त्यांच्या अहवालात
आणखी दहा वर्षांनी याच रांगेचं शेपूट
खूरीस ओलांडून, उतार ओलांडून
आमच्या बांदोड्याच्या फाट्याशी आलं,
जिथे आई मला बसमध्ये चढवून
उगाच थोडा वेळ उभी राहते.

संध्याकाळी कदंबात मी दांड्याला धरून.
पंचावन्न माणसांत तीन वाटून
माझ्या वाट्याला किती, ते काढायचं राहूनच गेलंय.
बस रेषेशी येऊन थांबली आहे.
काचेआड ड्रायव्हरचा हात वर उचललेला,
वाट देतोय
की मागतोय,
मागून कळत नाही.